आठ मिनिटं एकतीस सेकंदांचं कोडं

2022च्या जुलैत अमेरिकेतल्या यूजीन शहरात जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतली तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत झाली. मोरोक्कोच्या सूफियान एल बक्कालीनं ती 8 मिनिटं 25.13 सेकंदांत जिंकली. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 8:31.75 अशा वेळेसह अकरावा आला. याच साबळेनं दीडेक महिन्यापूर्वी राबातला हेच अंतर 8:12.48मध्ये कापलं होतं. म्हणजे सुवर्णपदक मिळवून देणारी वेळ त्याच्या स्वतःच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा बारा सेकंदांहून जास्त संथ होती. या वेगाला बारा सेकंद म्हणजे सत्तर-पंचाहत्तर मीटर. एवढं अंतर पदरात असलेला माणूस त्या शर्यतीत अकरावा कसा येतो?

त्याचा दिवस वाईट होता, असं म्हणून मोकळं होता येईल. पण मग मध्यम पल्ल्याच्या शर्यतींमधलं सगळ्यात सुंदर रहस्य हातातून निसटेल.

डायमंड लीगसारख्या स्पर्धांत पेसमेकर असतात. ठरलेल्या वेगानं काही लॅप धावायचं आणि बाजूला व्हायचं, एवढंच त्यांचं काम. शिवाय आतल्या कडेला दिव्यांची रांग वेग दाखवत पळत असते. तिथे शर्यत घड्याळाशी असते. अजिंक्यपद आणि ऑलिंपिकमध्ये पेसमेकर नसतो आणि पदक वेळेवर नाही, क्रमांकावर मिळतं. त्यामुळे बंदूक वाजते आणि बारा-पंधरा माणसं एकमेकांकडे बघत पळू लागतात. 2016ला रिओत पुरुषांची 1500 मीटरची अंतिम शर्यत अमेरिकेच्या मॅथ्यू सेंट्रोविट्झनं 3:50.00 मध्ये जिंकली. विश्वविक्रम आहे 3:26.00. त्याच मैदानावर काही दिवसांनी पॅरालिंपिकमध्ये अंधुक दृष्टी असलेल्या धावपटूंची 1500 मीटर शर्यत झाली, तेव्हा पहिले चौघंही 3:50च्या आत आले. सेंट्रोविट्झचा शेवटचा लॅप मात्र पन्नास सेकंदांच्या आसपासचा होता. पहिला लॅप 66 सेकंदांचा आणि शेवटचा पन्नासचा! एकाच शर्यतीत जणू दोन वेगळे खेळ.

पुढे जायला कुणी तयार का नसतं? पहिलं कारण वारा. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ प्यू यांनी 1971मध्ये दाखवून दिलं, की सेकंदाला सहा मीटर वेगानं पळताना दुसऱ्याच्या मागे मीटरभर अंतर ठेवून धावलं तर सुमारे साडेसहा टक्के प्राणवायू वाचतो. हा आकडा प्रचंड आहे. पुढचा माणूस स्वतःच्या फुप्फुसांच्या जिवावर मागच्यासाठी वाट करत असतो. दुसरं कारण डोळे. पुढच्याला मागचे दिसत नाहीत, मागच्यांना तो दिसतो. कोण दमलंय आणि कुणाचे खांदे वर चढलेत, हे सगळं मागून वाचता येतं.

मग सगळ्यांच्या मागे निवांत राहावं? तेही महागात पडतं. पहिल्या लेनच्या आतल्या कडेला चिकटून राहिलं तर लॅप 400 मीटरचा. दुसऱ्या लेनमधून मारला तर सुमारे सात मीटर जास्त पळावं लागतं. म्हणून सगळ्यांना आतली कड हवी असते, आणि तिथे गेलं की पुढे एक, बाजूला एक अशी माणसं उभी ठाकतात. याला धावपटू बॉक्स होणं म्हणतात. पायात ताकद शिल्लक असते पण दार बंद असतं. टीव्हीवर अशी शर्यत लागली की मी पहिल्याकडे बघतच नाही; दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर, आघाडीच्या धावपटूच्या उजव्या खांद्याशी कोण आहे ते बघतो. तिथून कधीही सुटता येतं.

स्टीपलचेसमध्ये याच्या जोडीला लाकडी अडथळे येतात: 28 वेळा साधा आणि 7 वेळा पाण्याचा. पुरुषांसाठी उंची 91.4 सेंटिमीटर. शंभर मीटर हर्डल्सचा अडथळा धक्का लागला की पडतो, हा पडत नाही, तो इतका जड असतो. आणि घोळक्यात धावणाऱ्याला तो दिसतही नाही. समोरच्याची पाठ अचानक वर उसळली की कळतं, अडथळा आला. त्या क्षणी पावलं मोजलेली नसतील तर कुणी पाय तुळईवर ठेवतो, कुणी अडखळतो, कुणी बाहेरच्या बाजूला सरकून जादा मीटर मोजतो पण मोकळी नजर मिळवतो. साडेआठ मिनिटांत असे पस्तीस निर्णय. मला तर हे बुद्धिबळाइतकंच थक्क करणारं वाटतं, आणि ते करताना हृदय मिनिटाला पावणेदोनशेच्या वर ठोके देत असतं.

आता यूजीनचं कोडं सुटतं. शरीराकडे दोन प्रकारची ऊर्जा असते. एक प्राणवायूवर चालणारी, ती बराच वेळ पुरते. दुसरी प्राणवायूशिवाय झटकन मिळणारी, तिचा साठा थोडा. शर्यत संथ गेली की हा साठा प्रत्येकाकडे शाबूत राहतो आणि शेवटच्या तीन-चारशे मीटरमध्ये ज्याच्याकडे जास्त तीक्ष्ण ‘किक’ असेल तो जिंकतो. साबळे लष्करातून क्रॉसकंट्रीमार्गे आलेला, लांब दमाचा धावपटू. त्याचं बळ दुसऱ्यांचा साठा आधीच संपवण्यात आहे. यूजीनला कुणाचाच साठा संपला नव्हता.

टोकियो ऑलिंपिकनं त्याला याहून क्रूर गणित दाखवलं होतं. प्रत्येक हीटमधले, म्हणजे प्राथमिक शर्यतीतले, पहिले तीन थेट अंतिम फेरीत, बाकी सहा जागा वेळेवर. साबळेनं 8:18.12 असा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम केला, तिसऱ्या हीटमधल्या थेट पात्र ठरलेल्या तिघांपेक्षा जलद पळाला, आणि तरी बाहेर राहिला. त्याची हीट वेगवान होती, एवढाच त्याचा दोष.

किक नसलेल्याला दुसरा मार्ग उरतो तो पुढे राहून पळण्याचा. पुण्याच्या बालेवाडीच्या मैदानावर 2013च्या जुलैत आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. त्या ट्रॅकवर महिलांच्या 800 मीटरमध्ये टिंटू लुका धावली. पी. टी. उषाची ही शिष्या पुढे राहून पळण्यासाठी ओळखली जायची. तिचा स्वभावच तो: बंदूक वाजली की निघायचं, मागे काय चाललंय ते बघायचं नाही. 2010ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ती अशीच आघाडी घेऊन शेवटी सहावी आली होती. बालेवाडीत तिला कांस्य मिळालं. सुवर्ण नेलं चीनच्या अठरा वर्षांच्या वांग चुन्यूनं, जी पुढे टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पाचवी आली. टिंटूवर टीका फार झाली, ती मला कधीच पटली नाही. जिच्याकडे शेवटच्या शंभर मीटरची किक नाही तिनं मागे बसून काय करायचं? 2015ला वुहानमध्ये आशियाई सुवर्ण तिनं जिंकलंच. आणि पुढे पळण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. 1976च्या माँट्रियल ऑलिंपिकच्या 800 मीटर अंतिम फेरीत श्रीराम सिंगनं पहिला लॅप 50.85 सेकंदांत आघाडीवर राहून पळवला. तो सातवा आला, 1:45.77, त्याच्या वेगावर स्वार होऊन क्यूबाच्या हुआंतोरेनानं 1:43.50चा विश्वविक्रम केला. श्रीरामची ती वेळ राष्ट्रीय विक्रम म्हणून 2018पर्यंत टिकली.

पुन्हा साबळेकडे येऊ. यूजीननंतर तीन आठवड्यांत, 6 ऑगस्टला, बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा. 1998पासून तिथे पुरुष स्टीपलचेसचं एकही पदक केनियानं दुसऱ्या कुणाला दिलं नव्हतं. केनियाच्या धावपटूंनी वेग चढा ठेवला आणि नेमकं हेच साबळेच्या पथ्यावर पडलं. सगळ्यांचे पाय जड होत होते, त्याचेही. पण दमलेल्यांच्या शर्यतीत तो घरचा माणूस. शेवटच्या लॅपमध्ये तो पुढे सरकत गेला. अब्राहम किबिवोट 8:11.15, साबळे 8:11.20. पाच शतांश सेकंद, म्हणजे अंतरात जेमतेम दीड वीत. तिसरा आमोस सेरेम पाच सेकंदांहून मागे.

पुढच्या वर्षी 1 ऑक्टोबरला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यानं वेग दुसऱ्याच्या मर्जीवर सोडलाच नाही. सुरुवातीलाच निघाला, कडेला चिकटला, प्रत्येक अडथळा मोकळ्या नजरेनं गाठला आणि शेवटच्या लॅपला मागे वळून पाहिलं तेव्हा किक मारायला जवळ कुणी उरलंच नव्हतं. 8:19.50, स्पर्धेचा विक्रम, आणि या प्रकारात भारतीय पुरुषाचं पहिलं आशियाडी सुवर्ण. तीन दिवसांनी तो पाच हजार मीटर धावला. तिथे बहरीनचा बिरहानू बालेव होता, शेवटपर्यंत दम आणि वेग दोन्ही राखणारा; साबळेला रौप्य मिळालं.