सोळा आणे जमीन आणि घराचा पाया

अहिल्यानगर जिल्ह्यातील बेलापूर हे प्रवरेच्या काठचे जुने गाव; त्याच्या नावाचे रेल्वेस्थानक मात्र काही मैलांवर श्रीरामपूर शहरात आहे, आणि हे नाव ऐकताच मुंबईकर वाचकाच्या मनात उभे राहणारे खाडीकाठचे बेलापूर तर सर्वस्वी निराळे. या प्रवराकाठच्या टापूत, जेथे ऊस उभा असे तेथे बिनशेती भूखंडांच्या हद्दीचे दगड रोवले जातात आणि त्यांवर रो-हाऊसच्या रांगा उठतात, तेव्हा घर पाहावयास आलेला गृहस्थ फरशीवर बोटाने टकटक करून पाहतो, ओट्याच्या दगडावरून हात फिरवतो, नळ सोडून पाण्याचा जोर अजमावतो, वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेऊन मालकीचा दस्तऐवज निर्वेध असल्याची खात्री करून घेतो; परंतु ज्या मातीवर हा सारा पसारा उभा राहावयाचा तिच्याविषयी एक अक्षरही विचारीत नाही.

आपल्याकडील जुन्या गावांची रचना पाहिली तर काळी आणि पांढरी असा जमिनीचा स्पष्ट भेद तीत दिसतो. शेते काळीत आणि वस्ती पांढरीवर, हा दख्खनच्या पठारावरील सर्वसाधारण प्रघात. जुन्या दप्तरांतही गावचा उल्लेख काळी-पांढरीच्या जोडीनेच येतो. पांढरी ही काही फार बळकट जमीन असते अशातला भाग नाही; पिढ्यानुपिढ्या पडलेल्या मातीच्या भिंती आणि चुलीतली राख यांचाच तो थर, आणि त्यावर आजची दुमजली इमारत निःशंकपणे उभारावी असे कोणी सांगणार नाही. परंतु तिच्या ठिकाणी एक गुण असा की पावसाने ती काळीप्रमाणे फुगत नाही आणि उन्हाने भेगाळत नाही; म्हणूनच धाब्याच्या घरांच्या माथ्यावर पांढरीच पसरीत. आजच्या वसाहती मात्र गावठाणाबाहेर, म्हणजे थेट काळीत उभ्या राहतात.

काळीची पत ठरविण्याचे शास्त्र या प्रांतात कंपनी सरकारच्या अमदानीतच रूढ झाले. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी महसुलाच्या पाहणीची जी पद्धत घालून दिली आणि जी १८४७ च्या संयुक्त अहवालात नियमबद्ध झाली, तीत मातीचा पोत आणि खोली पाहून जमिनीची आणेवारी ठरत असे. पावणेदोन हात खोलीची, एकसारख्या बारीक पोताची काळीभोर जमीन सोळा आणे, आणि खोली कमी होत, खडे वाढत जातील तसतशी प्रत उतरत थेट दोन आण्यांपर्यंत. शेतसारा बसविणाऱ्या कारकुनाची ही उतरंड घर बांधणाऱ्याने उलटी धरून वाचावी. ज्या उथळ, मुरमाड तुकड्याकडे कुणब्याने पाठ फिरवली तोच घराला उत्तम, आणि ज्या सोळा आणे जमिनीचे गुण गात दलाल गिऱ्हाइकाला बांधावर उभे करतो, तिच्यावर घर घेणाऱ्याने दहा प्रश्न अधिक विचारावेत.

या दृष्टीने सातबाराचा उताराही नव्याने वाचण्याजोगा आहे. खरेदीदाराची नजर कब्जेदाराच्या नावावर आणि बोजाच्या नोंदींवर खिळलेली असते. परंतु गाव नमुना बारामध्ये कोणत्या वर्षी कोणते पीक होते आणि पाणी विहिरीचे की पाटाचे, तसेच नमुना सातमध्ये पोटखराबा किती, हेही लिहिलेले असते. बिनशेती होण्यापूर्वीचे जुने उतारे मिळवून पाहावेत. वर्षानुवर्षे ऊस आणि पाटपाणी अशी नोंद आढळली तर तेथे खोल, ओल धरून ठेवणारी काळी आहे असे समजण्यास हरकत नाही. पोटखराब्याची, बरड जमिनीची नोंद असेल तर मुरूम वरच लागण्याचा संभव अधिक.

ही माती घराशी वैर का धरते, हे थोडक्यात असे. दख्खनचा काळा पाषाण झिजून जी माती झाली तिच्यात माँटमोरिलोनाइट जातीची चिकणखनिजे विपुल असतात. त्यांच्या सूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते पापुद्रे परस्परांपासून दूर सरतात आणि माती फुगते, पाणी गेले की आवळते आणि उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. फुगताना ती वरचा भार अक्षरशः उचलते. येथे सामान्य समजुतीला धक्का देणारी एक गोष्ट आहे: अनेकमजली जड इमारत आपल्या वजनानेच या फुगवट्याला पुष्कळसे दाबून ठेवते, आणि खरी दुर्दशा होते ती हलक्या, एकमजली घरांची, कुंपणभिंतींची आणि पोर्चच्या फरशीची. पाटपाण्याच्या मुलखात आणखी एक गुंता असतो. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या प्रवरेच्या उजव्या-डाव्या कालव्यांनी या भागाला बारमाही ओल दिली; जे रान अनेक वर्षे पाण्याखाली मुरलेले होते त्यावर भूखंड पडताच पाणी बंद होते, माती प्रथमच खोलवर सुकू लागते, आणि मग एका कोपऱ्यात शोषखड्डा, दुसऱ्या कोपऱ्यात बागेची नळी अशा रीतीने तिला जागोजाग विषम ओल मिळते. सारे घर सारखेच वर-खाली झाले असते तर फारसे बिघडले नसते. एक कोपरा उचलला जातो आणि दुसरा खचतो, तेव्हा भिंत फाटते.

यावर उपाय नाहीत असे नाही, आणि ते आपल्याच देशात सिद्ध झालेले आहेत. काळीचा थर चार-सहा फुटांचाच असेल तर तो भेदून पाया मुरमावर किंवा मांजऱ्या खडकावर टेकवावा, हे गावातला कोणताही जाणता गवंडी सांगेल. थर खोल असेल तेथे रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेल्या, तळाशी कंद असलेल्या खांबांचा पाया घालतात. ऋतुमानानुसार होणारी ओलीची हालचाल एका मर्यादेपलीकडे खोल जात नाही, म्हणून असे खांब खोल काळीत किमान ३.५ मीटर तरी उतरवावेत असा भारतीय मानकाचा दंडक आहे. मुंबईच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक र. कृ. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीचा सुमारे मीटरभर थर मध्ये घालून काळीचा उठाव आवरण्याची पद्धती पुढे आणली, तीही प्रसिद्ध आहे. म्हणजे काळीत घर घेऊच नये असे म्हणण्याचे कारण नाही. पाया कोणत्या विचाराने घातला, हे विक्रेत्याला सांगता आले पाहिजे.

बांधून तयार असलेल्या घराचा पाया दिसत नाही ही खरी अडचण. तरी शेजारची विहीर दिसते! खोदीव विहिरीच्या बाजूंवर काळी किती, चुनखडी कोठे, मुरूम किती हातांवर आणि पाषाण कोठे लागला हे स्वच्छ वाचता येते, आणि या टापूत विहिरींचा तुटवडा नाही. ती पाहून झाल्यावर बिल्डरकडे मृदापरीक्षणाचा अहवाल आणि पायाचा नकाशा मागावा. येथे एक सावधगिरी हवी: शेतकरी नत्र, स्फुरद, पालाश तपासण्यासाठी जी माती देतो त्या परीक्षणाचा घराला काडीचा उपयोग नाही, हवा असतो तो भारधारणेचा आणि मुक्त फुगवट्याचा निष्कर्ष. दुसरी कसोटी समजावयास सोपी आहे. चाळलेल्या कोरड्या मातीचे दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग काचेच्या दोन मापनळ्यांत घालून एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल भरतात. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते, आणि चोवीस तासांनी दोन्हींच्या घनफळातला फरक रॉकेलातल्या घनफळाशी ताडून टक्केवारी काढतात. ती पन्नासाच्या वर गेली तर साध्या उथळ पायावर विसंबू नये. (रॉकेल मिळवणे हेच आता अधिक जिकिरीचे झाले आहे, हा भाग निराळा.) लोणी आणि संगमनेर येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, असे परीक्षण करून मिळेल काय, याची तेथे चौकशी करावी.

अहवाल नसेल तर निदान एक खड्डा मागावा. बाहेरच्या भिंतीलगत, संरचना-अभियंत्याच्या देखत, मीटर-दीड मीटर खोदले की पुष्कळ गुपिते उघडी पडतात. पाया जरी नीट असला तरी जोत्याच्या पोटात कोणता भराव घातला हा स्वतंत्र प्रश्न आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक लबाडी येथेच होते: पायाच्या चरांतून निघालेली काळीच पुन्हा आत लोटून वर फरशी बसवली की मुरमाच्या खेपांचा आणि थराथराने पाणी मारून धुम्मस करण्याचा खर्च वाचतो. पहिल्या पावसाळ्यानंतर भिंती शाबूत आणि फरशी मात्र मध्ये फुगलेली, असा देखावा दिसला की कारण शोधावयास दूर जावे लागत नाही.

भेगांचीही भाषा असते. गिलाव्यावरची केसासारखी बारीक, जाळीदार चीर बहुधा सिमेंट आकसल्याची असते आणि तिची धास्ती घेण्याचे कारण नाही. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, विटांच्या सांध्यांवरून पायऱ्यापायऱ्यांनी चढणारी, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला निमुळती अशी भेग मात्र पाया हलल्याची खूण समजावी. तशीच पावसाळ्यात अडणारी आणि उन्हाळ्यात सैल पडणारी चौकट, ओळंब्यातून सुटलेला कोपरा, जोत्यापासून विलग झालेली घराभोवतीची फरसबंदी. संशयित भेगेवर काचेची पातळ पट्टी गिलाव्याने आडवी चिकटवून ठेवली आणि ती तडकली, तर हालचाल अद्याप चालू आहे. घर शक्य तर दोनदा पाहावे, एकदा वैशाखात आणि एकदा भाद्रपदात. आणि ज्या घराला विक्रीच्या तोंडावर एकाच भिंतीपुरता ताजा रंग दिला आहे त्या भिंतीपाशी अंमळ अधिक रेंगाळावे.

कायद्याचे पाठबळ आहे, पण त्यालाही हद्द आहे. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाच्या चौदाव्या कलमान्वये ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत रचनेतला दोष निदर्शनास आणला तर प्रवर्तकाने तो तीस दिवसांत विनामोबदला दूर करावयाचा असतो. परंतु भूखंड पाचशे चौरस मीटरांहून मोठा नसेल किंवा घरे आठांहून अधिक नसतील तर त्या प्रकल्पाला नोंदणीच लागत नाही, आणि तालुक्याच्या गावी रो-हाऊसच्या चार-सहा घरांच्या रांगा बहुशः याच सवलतीत बसतात. तेथे ग्राहक आयोगाचा दरवाजा उरतो. तेथे जावयाचे तर हातात कागद हवा. म्हणून बयाणा देण्यापूर्वीच, साठेखताच्या मसुद्यात पायाची खोली, तो कोणत्या थरावर टेकला आहे, जोत्यातील भराव मुरमाचा आहे किंवा नाही, आणि पायाच्या नकाशाची अभियंत्याच्या सहीची प्रत, या चार बाबी नमूद करून घ्याव्यात. बहुतेक विक्रेते प्रथम हसतात, मग अशी पद्धत नाही म्हणतात. ज्याचा पाया मुरमावर आहे तो मात्र, थोडी कुरकुर करून का होईना, सही करतो.