कार्बन क्रेडिट: बांधावरच्या शंभर झाडांचा खरा हिशोब

मलकापूर-कराड पट्ट्यातून सध्या एक प्रश्न फिरून फिरून येतोय. "सर, झाडं लावली की कार्बन क्रेडिटचे पैसे मिळतात म्हणे. यात धंदा आहे का?" आहे. पण बहुतेकांना वाटतो तिथे नाही.

एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. झाड हवेतून तो घेतं आणि त्यातला कार्बन लाकडात साठवतं. वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो, आणि एक किलो कार्बनमागे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात.

आता वही काढा. उसाच्या बांधावर शंभर झाडं लावलीत. पंधरा वर्षांनी प्रत्येकात २०० किलो सुकं लाकूड झालं असं धरा. एकूण २० टन लाकूड, १० टन कार्बन, म्हणजे जवळपास ३६ क्रेडिट. भाव ८०० रुपये धरला (तो वर-खाली होतोच) तर २८,८०० रुपये. वर्षाला दोन हजारसुद्धा नाहीत! त्यातून मोजणी, तपासणी आणि कंपनीचा वाटा जाणार. आग लागली, झाडं मेली तर भरपाई म्हणून काही क्रेडिट राखूनही ठेवतात. शिवाय सावलीखालचा ऊस बारीक राहतो, तो तोटा वेगळाच.

तपासणीचा खर्च एका शेतकऱ्याला झेपत नाही, म्हणूनच कंपन्या हजारो शेतकरी एकत्र बांधतात.

दुसरी अट 'जादा'ची. कोयना-चांदोलीच्या जंगलात प्रचंड कार्बन आहे, पण ते २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. जे तसंही राखलं जाणार होतं, त्याचं क्रेडिट मागता येत नाही. तुमच्या बांधावरचा आजोबांच्या वेळचा आंबाही त्याच न्यायाने बाद. तुमच्यामुळे नव्याने जे साठलं, तेवढंच विकता येतं.

आणि झाड तोडलं की हिशोब उलटा फिरतो. त्यामुळे करारावर सही करण्याआधी विचारा: किती वर्षं बांधून घेताय? मधे तोडलं तर काय? भावात माझा वाटा किती? 'आधी नोंदणी फी भरा' म्हणणाऱ्याला तर मी चहाही पाजणार नाही.

मग धंदा कुठे? या साखळीला लागणाऱ्या कामात. चांगली रोपं पुरवणारी नर्सरी. मेलेल्या रोपांच्या जागी नवीन लावून देणं. छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर, खोडाचा घेर मोजणं, मोबाइलवर जागेची नोंद घेणं, सातबारा जुळवणं. गावातला पोरगा हे काम पुण्याहून गाडी करून येणाऱ्यापेक्षा स्वस्तात करतो, आणि त्याचे पैसे पंधरा वर्षांनी नाही, काम झाल्यावर मिळतात.

बांबूचाही विचार करा. २०१७ च्या कायदादुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला. पक्व काठ्या दरवर्षी विका, बेट उभंच राहतं. क्रेडिट मिळालं तर वरकमाई समजा. कर्जाचा हप्ता मात्र त्याच्या भरवशावर ठरवू नका.