समुद्र नसलेल्या जिल्ह्याचे किनारे

सहकुटुंब प्रवासाचा विचार निघाला म्हणजे महाराष्ट्रांतील सुशिक्षित कुटुंबांची दृष्टि बहुधा पश्चिमेकडे वळते. मालवणचा सिंधुदुर्ग, अलिबागचा कुलाबा, मुरुडचा जंजिरा हीं स्थळें पाण्याची विशालता आणि इतिहासाचें दर्शन यांचा एकत्र लाभ करून देतात, म्हणून त्यांची ओढ स्वाभाविक आहे. परंतु महाराष्ट्राच्या अगदीं पूर्व टोकास, जेथून मुंबईचा समुद्र हजार किलोमीटरांच्या घरांत दूर आहे, त्या गोंदिया जिल्ह्यांतहि मोटारीनें दोन दिवस हिंडणाऱ्या कुटुंबास हा दुहेरी लाभ घडतो. फरक इतकाच कीं, येथील किनारा निसर्गानें आयता दिलेला नाहीं. तो माणसांनीं टोपलीटोपलीनें माती वाहून घडविला आहे. येथें जुनें स्मारक पाहण्यासाठीं पाण्यापासून दूर जावें लागत नाहीं. तलाव हेंच मुख्य स्मारक होय, आणि विशेष हें कीं, तें अजून कामावर आहे.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्याचें विभाजन होऊन निर्माण झाला. हे दोन्ही जिल्हे तलावांचे जिल्हे म्हणून ओळखले जातात, आणि त्यास भौगोलिक कारण आहे. येथें वर्षाकाठीं सुमारें १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे पाण्याची वाण नाहीं. परंतु हा पाऊस बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून वैनगंगा व तिच्या उपनद्यांवाटे निघून जातो. जिल्ह्याचें मुख्य पीक धान. धानास उभें पाणी लागतें, आणि लोंबी भरण्याच्या सुमारास, म्हणजे नेमका पाऊस परतण्याच्या वेळीं, त्याची तहान मोठी असते. त्या दोन-तीन आठवड्यांत आभाळानें हात आखडता घेतला तर चार महिन्यांचे कष्ट वाया जातात. या थोड्या दिवसांच्या चिंतेंतून येथील तलाव जन्मास आले.

हे तलाव विहिरीसारखे खणलेले नाहींत. दोन टेकड्यांच्या मधली सखल जागा हेरावयाची, तेथें मातीचा बांध घालावयाचा, आणि डोंगरउतारावरून येणारें पाणी त्यामागें थोपवून धरावयाचें, अशी ही रीत आहे. या बांधास पाळ म्हणतात. पाळीच्या वरच्या अंगास पाणी व खालच्या अंगास धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेलीं लहान लहान शेतें, अशी रचना असल्यामुळें पाणी उपसावें लागत नाहीं. तें उतारानें आपोआप शेतांत जातें. जमिनीचा चढउतार केवळ डोळ्यांनीं व पावसाळी ओहोळांच्या वाटेवरून जोखणें, हें या विद्येचें मर्म होतें.

ही विद्या ज्यांनीं जोपासली तो समाज म्हणजे कोहळी. चांद्याच्या एका गोंड राजानें काशीयात्रेंत त्यांचें कौशल्य पाहून त्यांस आपल्या राज्यांत आणलें, अशी परंपरा सांगितली जाते. जो तलाव बांधील त्यास त्या पाण्याखालची जमीन मिळे, असेंहि सांगतात. आख्यायिकेचा भाग बाजूस ठेवला तरी तिच्यांतील व्यवहार ध्यानांत घेण्याजोगा आहे. राजाजवळ रान होतें, परंतु पाणी अडविण्याची कला नव्हती. कोहळ्यांजवळ कला होती, परंतु जमीन नव्हती. या दोहोंच्या गांठीमुळें रानाचें शिवार झालें. कोहळी धानाबरोबर उंसाच्या लागवडींतहि निष्णात होते. आणि ऊंस हें बारमाही पाण्याचें पीक असल्यामुळें, पाऊस संपल्यावरहि पाणी राखण्याकडे त्यांचें लक्ष असावें हें उघड आहे.

प्रवासाचा आरंभ गोंदिया शहरापासून करणें सोयीचें. तेथून गोरेगांवावरून दक्षिणेस निघालें म्हणजे कोहमारा येथें मुंबई-कोलकाता महामार्ग ओलांडावा लागतो. पुढें रस्ता रानाच्या अंगानें नवेगांवबांधास पोहोंचतो. हें अंतर सुमारें ६५ किलोमीटर आहे. येथील तलावाचा विस्तार जवळजवळ ११ चौरस किलोमीटर असून, अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें तो बांधला अशी परंपरा आहे. भोंवतालच्या डोंगरांस सात बहिणी म्हणतात; बांध टिकावा म्हणून सात देवींनीं कोलू पाटलास साह्य केलें, अशी लोकांची श्रद्धा. खुद्द कोलू पाटील पुढें देवपदास पोहोंचला, आणि कोलासुर या नांवानें तलावाच्या कांठीं त्याचें ठाणें आहे. लढाई जिंकणाऱ्याचें देऊळ पुष्कळ ठिकाणीं सांपडतें; बांध घालणाऱ्यास देव मानणारीं गांवें थोडींच असतील.

तलावाभोंवतालच्या रानास १९७५ सालीं राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि नवेगांव व नागझिरा मिळून २०१३ सालीं व्याघ्रप्रकल्प झाला. हिंवाळ्यांत उत्तरेकडून येणाऱ्या बदकांचे थवे या पाण्यावर उतरतात. मराठी वाचकांस या परिसराची ओळख करून देण्याचें मोठें श्रेय, वनाधिकारी म्हणून येथें राहिलेले व २०२५ सालीं दिवंगत झालेले लेखक मारुती चितमपल्ली यांस आहे.

परंतु बहुतेक प्रवासी येथें एक गोष्ट करावयाची विसरतात. ते पाळीवर उभे राहून पाण्याकडे पाहतात, छायाचित्र घेतात आणि परततात. त्यांनीं एकदां पाण्याकडे पाठ फिरवावी. म्हणजे पाळीच्या पायथ्यापासून दूरवर पसरलेल्या बांध्या दिसतील, आणि हा देखावा कोणासाठीं निर्माण झाला तें न सांगतां कळेल. मग पाळीवरून चालत जाऊन तीन गोष्टी मुलांस शोधावयास सांगाव्या. पहिली, पाळीच्या पोटांतून शेताकडे पाणी सोडणारी मोरी. हिला या भागांत तुडुम म्हणतात. दुसरी, सांडवा, तलाव तुडुंब भरला म्हणजे जादा पाणी ज्या वाटेनें सुखरूप बाहेर जातें ती वाट. मातीच्या बांधास सर्वांत मोठें भय पाणी माथ्यावरून वाहूं लागण्याचें असतें, म्हणून सांडव्याची उंची पाळीपेक्षां नेहमीं कमी ठेवलेली दिसेल. तिसरी गोष्ट, तुडुमापासून निघणारा पाट व त्याचे फांटे. या तीन गोष्टी ज्या मुलास ओळखतां आल्या, त्यास पुढें कोणतेंहि धरण अपरिचित वाटणार नाहीं.

नवेगांवापासून पुढें अर्जुनी मोरगांव तालुक्यांतच प्रतापगडची डोंगरी आहे. येथें जुन्या गडाचे अवशेष आहेत. महादेवाचें स्थान आहे. आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गाहि आहे. महाशिवरात्रीस येथें मोठी यात्रा भरते, आणि दोन्ही धर्मांचे लोक एकाच डोंगरवाटेनें चढतात. जवळच गोठणगांवच्या बाजूस तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग ही वसाहत १९७२ सालापासून आहे. काशीहून आणलेल्या बांधकऱ्यांच्या मुलखांत हिमालयापलीकडून आलेल्या लोकांनींहि घर केलें, हा योगायोग मुलांच्या ध्यानांत राहण्यासारखा आहे. याच बाजूस गाढवी नदीवरील इटियाडोह धरण लागतें. तें १९७० च्या सुमारास पुरें झालें. दुसऱ्या दिवशीं उत्तरेस तिरोडा तालुक्यांत गेल्यास बोदलकसा व चोरखमारा हे इंग्रजी अमदानींत, विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशांत, सरकारनें बांधलेले तलाव पहावयास मिळतात. अशा रीतीनें कोहळ्यांचा बांध, इंग्रज सरकारचा बांध आणि स्वतंत्र भारताचा बांध, असे तीन काळ दोन दिवसांच्या वाटेवर भेटतात. तिन्ही ठिकाणीं तत्त्व एकच आहे: पाळ, मोरी आणि सांडवा.

सवड असल्यास गोंदियाजवळील नागरा येथील प्राचीन शिवमंदिर, आणि पूर्वेस सालेकसा तालुक्यांतील कचारगड हींहि पहावीं. कचारगडच्या प्रचंड नैसर्गिक गुहा गोंड समाजाचें परम पवित्र स्थान असून माघी पौर्णिमेस अनेक राज्यांतून भाविक तेथें येतात. ज्या राजवटीच्या आश्रयानें तलाव झाले तिच्या प्रजेची श्रद्धा आजहि जिवंत आहे, हें तेथें प्रत्यक्ष दिसतें. जवळच्या दरेकसा परिसरांत हाजरा धबधबा आहे.

आतां या प्रवासांतील विचार करण्याजोगा भाग. किल्ला पडला तरी त्याचे दगड शेंकडों वर्षें उभे राहतात; तलावाचें तसें नाहीं. प्रत्येक पावसाळ्यांत डोंगरावरून गाळ येतो, आणि तो काढला नाहीं तर तलाव उथळ होत जाऊन अखेर माळ होतो. म्हणून तलाव एकदां बांधून भागत नाहीं. तो दरसाल राखावा लागतो. इंग्रजी अमदानींत गांवाचा मालगुजार हा तलावाचा धनी असे. उन्हाळ्यांत गाळ काढून शेतांत टाकणें, पाळ दुरुस्त करणें, पाण्याच्या पाळ्या ठरविणें हें काम गांवकऱ्यांच्या श्रमानें होई, आणि पाण्यावरील हक्क व रूढि गांवच्या वाजिब-उल-अर्जांत नमूद असत. त्या व्यवस्थेंत बेगार होती व विषमताहि होती. ती जाणें न्याय्यच होतें. त्या वेळच्या मध्यप्रदेश सरकारच्या १९५० च्या कायद्यानें मालगुजारी नष्ट झाली, व १९५१ पासून त्याचा अंमल सुरू झाला. कुळांस जमिनी मिळाल्या आणि तलाव सरकारकडे गेले. आज त्यांस माजी मालगुजारी तलाव, किंवा थोडक्यांत 'मामा तलाव' म्हणतात. धनी बदलला, परंतु दरसालची मेहनत कोणी करावयाची हा प्रश्न मागें राहिला. पुष्कळ तलाव गाळानें भरले, कांठांवर बेशरमाचें रान माजलें, कोठें तलावाच्या पोटांतच शेती झाली.

याची झळ शेतकऱ्यासच लागली असें नाहीं. तलावांतील मासे व शिंगाडे यांवर ढीवर समाजाचें पोट आहे. पाणवनस्पति नाहींशा झाल्या कीं माशांस अंडीं घालण्यास आसरा उरत नाहीं, आणि मासळीबरोबर पांखरेंहि जातात. सारस हा उंच, डौलदार पक्षी महाराष्ट्रांत आज मुख्यतः गोंदिया जिल्ह्यांतच उरला आहे, आणि त्याची गणति पन्नासाच्या आंतच आहे. धानाच्या बांध्या व तलावांचे उथळ कांठ हेंच त्याचें घर.

तथापि हें चित्र निराशेचें नाहीं. अर्जुनी मोरगांव भागांत भंडारा निसर्ग व संस्कृति अभ्यास मंडळाच्या साह्यानें ढीवर लोकांनीं, व त्यांत स्त्रियांनीं विशेषेंकरून, बेशरमाचें रान उपटून काढलें, पावसाळ्यापूर्वीं तलावाचें तळ नांगरलें आणि त्यांत देशी पाणवनस्पतींची लागवड केली. कांहीं तलावांत देशी मासे व पांखरें पुन्हां दिसूं लागलीं. सरकारनेंहि २०१७ पासून तलावांतील गाळ काढून तो शेतांत नेण्याची योजना चालविली आहे. म्हणजे नव्या नांवानें जुनीच रीत पुन्हां सुरू झाली. तलावावर ज्याचें पोट आहे त्याच्या हातांत त्याची राखण असावी, हा यांतला बोध आहे.

प्रवासास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. तलाव भरलेले असतात व पांखरेंहि आलेलीं असतात. नवेगांव किंवा नागझिऱ्याच्या रानांत शिरावयाचें असल्यास वनखात्याच्या नियमांची आधीं चौकशी करावी. सारस दिसल्यास मोटार दूर थांबवावी व त्याच्या मागें धांवूं नये. आणि कोठल्याहि लहानशा गांवांत पाळीवर उतरल्यावर तेथल्या माणसास एवढेंच विचारावें कीं, या तलावाचा गाळ शेवटीं कधीं काढला. त्या एका उत्तरावरून, तलाव किती जुना आहे हें नव्हे, तर पुढें किती वर्षें राहील हें समजेल.