खोली कोठून मोजावी? : लहान शिडाच्या नौकेवरील ट्रान्सड्यूसरची निवड व जोडणी

समुद्राची खोली मोजण्याचे जुने साधन म्हणजे दोरीला बांधलेले शिसे. दोरीवर वावांच्या खुणा असत. शिसे तळाला टेकले म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाशी जी खूण येई, ती खोली. या मापनात शून्यबिंदू कोणता, हा प्रश्नच उद्भवत नसे. प्रतिध्वनीवरून खोली दाखविणाऱ्या यंत्राची गोष्ट निराळी आहे. त्याचा शून्यबिंदू नौकेच्या तळाशी बसविलेल्या ट्रान्सड्यूसरच्या तोंडाशी असतो. म्हणून ट्रान्सड्यूसर कोणता घ्यावा व कोठे बसवावा हा केवळ कारागिरीचा प्रश्न नव्हे. यंत्राने दाखविलेल्या आकड्याचा अर्थ त्यावर अवलंबून असतो.

काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांत विद्युत्भार निर्माण होतो, हे पिएर व झाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखविले. ट्रान्सड्यूसरचे कार्य याच गुणधर्मावर चालते. विजेच्या स्पंदाने त्यातील चकती कंप पावते, ध्वनी तळापर्यंत जाऊन परत येतो, आणि चकती त्याचे पुन्हा विजेत रूपांतर करते. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असल्यामुळे १० मीटर खोलीवरून प्रतिध्वनी परतण्यास सुमारे १३ सहस्रांश सेकंद लागतात.

निवड करताना प्रथम कंपनसंख्या पाहावी. ५० व २०० किलोहर्ट्झ या दोन कंपनसंख्या विशेष प्रचारात आहेत. पहिली खोल समुद्रास योग्य होय. उथळ पाण्यात वावरणाऱ्या लहान नौकेस दुसरी पुरते. मात्र शिडाची नौका वाऱ्याने कलते. ती २० अंशांनी कलली व ध्वनीचा झोत फार अरुंद असला, तर सपाट तळावर १० मीटर खोलीऐवजी सुमारे १०.६ मीटर असे तिरके अंतर दिसेल. यास्तव अशा नौकेवर बेताचा रुंद झोत श्रेयस्कर ठरतो.

जोडणीचे मुख्य प्रकार तीन. नौकेच्या मागील फळीवर बसविलेला ट्रान्सड्यूसर नौका कलली वा लाटेवर उचलली गेली की पाण्याबाहेर येतो. शिडाच्या नौकेस तो सहसा निरुपयोगी. दुसरा प्रकार तळाला छिद्र पाडून बसविण्याचा. तिसऱ्या प्रकारात ट्रान्सड्यूसर आतल्या बाजूने तळाला चिकटवितात. त्यासाठी छिद्र पाडावे लागत नाही, परंतु तळ घन फायबरग्लासचा असावा लागतो. लाकूड, किंवा दोन थरांमध्ये फेस अथवा हलके लाकूड भरलेला तळ, ध्वनी अडवितो. चिकटविताना हवेचा बुडबुडा राहिला तरीही हाच परिणाम होतो. कारण हवेच्या थरावरून ध्वनी जवळजवळ पूर्णपणे परावर्तित होतो.

उदाहरणार्थ, स्कँडिनेव्हियन स्पर्धेतून निघालेली ‘फोकबोट’ ही नौका घेऊ. तिची लांबी ७.६४ मीटर असून तिचा तळ पाण्यात १.२ मीटर बुडतो. मूळ नौका लाकडी आहेत. १९७० नंतरच्या दशकांत त्याच आकाराच्या फायबरग्लासच्या नौकाही झाल्या. लाकडी फोकबोटीस छिद्रातून बसणारा, काशाच्या कवचाचा ट्रान्सड्यूसर योग्य. प्लॅस्टिकचे कवच लाकूड फुगल्यास तडकू शकते. नौकेचा कील लांब असल्याने ट्रान्सड्यूसर मध्यरेषेपासून बाजूला, कीलाची सावली झोतावर पडणार नाही असा बसवावा, आणि तळाच्या उतारामुळे तोंड तिरपे होऊ नये म्हणून योग्य आकाराचा ठोकळा लावावा. जागा अशी हवी की नौका कलली असतानाही ती पाण्याखालीच राहील व पंख्याने उसळविलेले बुडबुडे तेथे येणार नाहीत.

आता समजा, ट्रान्सड्यूसर पाण्याच्या पृष्ठभागाखाली ०.४ मीटर आहे व यंत्र १.५ मीटर दाखविते. पाण्याची खरी खोली १.९ मीटर, कीलाखाली मात्र ०.७ मीटरच पाणी आहे. हा आकडा कीलाखालचा समजणारा नाविक आपल्याजवळ दुपटीहून अधिक पाणी असल्याच्या भ्रमात राहील. तुलनेसाठी असे की, बाल्टिकच्या थंड व कमी खाऱ्या पाण्यात ध्वनीचा वेग सुमारे १४४० मीटरपर्यंत उतरला, तरी ३ मीटर खोलीत होणारी चूक सुमारे १२ सेंटिमीटरच असते. शून्यबिंदूची चूक येथे ८० सेंटिमीटरची आहे.

ही संदिग्धता यंत्रांच्या संदेशांतही ओळखली गेली आहे. एनएमईए ०१८३ या मानकात अशा प्रत्येक संदेशास ‘सेंटेन्स’, म्हणजे वाक्य, हीच संज्ञा आहे. आणि खोलीसाठी पृष्ठभागापासून, ट्रान्सड्यूसरपासून व कीलापासून अशी तीन निरनिराळी वाक्ये त्यात होती. पुढील एका वाक्यात ट्रान्सड्यूसरपासूनच्या खोलीला चिन्हयुक्त अंतराची जोड देण्यात आली: धन असल्यास ते ट्रान्सड्यूसर व पृष्ठभाग यांमधील, ऋण असल्यास ट्रान्सड्यूसर व कील यांमधील. वरील उदाहरणात +०.४ दिल्यास यंत्र १.९ दाखवील, तर −०.८ दिल्यास ०.७.

यांपैकी कोणती पद्धत घ्यावी, हे हेतूवर अवलंबून आहे. नकाशातील खोलीशी, भरती-ओहोटीचा हिशेब करून, ताडा पाहावयाचा असल्यास पृष्ठभाग सोयीचा. उथळ खाडीत शिरताना कील. परंतु एकदा ठरविलेला शून्यबिंदू यंत्राशेजारी लिहून ठेवणे, आणि जोडणीनंतर स्थिर पाण्यात जुन्याच शिशाच्या दोरीने आकडा पडताळून पाहणे अगत्याचे आहे. नौका दुसऱ्याच्या हाती जाईल तेव्हा आकडा तोच राहील; त्याचा अर्थ मात्र लिहून ठेवला असेल तरच त्याच्यापर्यंत पोहोचेल.