फरशी निवडताना चकाकीपेक्षा ओलाव्याचा विचार महत्त्वाचा

घरासाठी फरशी घेताना ग्राहक बहुधा रंग आणि चकाकी पाहतात. प्रत्यक्षात ती जागा कोरडी राहणार की ओली, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. घरात वयोवृद्ध असतील तर विशेषत्वाने.

गुजरातमधील मोरबी हे देशातील टाइल्स उत्पादनाचे प्रमुख केंद्र आहे. सध्या सर्वाधिक पसंतीच्या व्हिट्रिफाइड टाइल्स मानकानुसार ०.५ टक्क्यांहून अधिक पाणी शोषत नाहीत. त्यामुळे डाग सहसा मुरत नाहीत. मात्र सांडलेले पाणी वरच राहते आणि चकचकीत प्रकारावर पाय घसरतो. न्हाणीघर, बाल्कनी आणि जिन्यासाठी खडबडीत, म्हणजे ‘अँटी-स्किड’ फरशीच घ्यावी. दुकानात नमुन्यावर पाणी ओतून तळपायाने पकड तपासण्यास संकोच करू नये.

राजस्थानातील मकराण्याचा संगमरवर देखणा खरा, पण तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असल्याने लिंबू किंवा चिंचेच्या कोळाने त्याची झिलई जाते. आपल्याकडील स्वयंपाकघरात हे टाळणे कठीणच. तेथे ग्रॅनाइट अधिक टिकतो. कोटा आणि शाहाबादी हे चुनखडीचे दगड असल्याने आम्लाचा परिणाम त्यांवरही होतो. परंतु ते तुलनेने स्वस्त असतात, झिजल्यास पुन्हा घोटून घेता येतात आणि न घोटलेल्या शाहाबादीवर पायाला चांगली पकड मिळते.

किनारपट्टीच्या दमट हवेत लाकडी लॅमिनेट फुगण्याची शक्यता असते.

टाइल्स घेताना त्याच बॅचच्या काही जादा ठेवाव्यात. नंतर तीच छटा मिळेलच असे नाही.