‘गुमनाम’ चित्रपट आणि त्याची मूळ कथा

आगाथा ख्रिस्ती या इंग्रज लेखिकेची ‘अँड देन देअर वेअर नन’ ही कादंबरी १९३९ साली प्रसिद्ध झाली. तिच्या आधाराने १९६५ साली राजा नवाथे यांनी ‘गुमनाम’ हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला. नायिका नंदा ही मास्टर विनायकांची कन्या, शिवाय धुमाळांसारखा कसलेला नट. तेव्हा मराठी प्रेक्षकांस त्याविषयी आपलेपणा वाटावा हे साहजिकच होय. परंतु मूळ पुस्तक वाचून जो हा चित्रपट पाहावयास बसतो, त्याची निराशा होते. ती का, हे पाहू. (खुनी कोण, हे येथे सांगणार नाही, मुलांनी निर्धास्तपणे वाचावे.)

कादंबरीत दहा माणसे एका एकाकी बेटावर जमतात. पहिल्याच रात्री ग्रामोफोनच्या तबकडीतून एक आवाज प्रत्येकावर मनुष्यवधाचा आरोप ठेवतो. हे गुन्हे असे की, कायद्याचा हात तेथवर पोहोचलेला नाही. त्यांत एक प्रौढ बाई आहे, नित्य पवित्र शास्त्र वाचणारी. मोलकरणीस दिवस गेल्याचे कळताच तिने तिला घराबाहेर काढले आणि त्या पोरीने नदीत जीव दिला. यात आपला काडीमात्र दोष नाही, असे ही बाई शांतपणे सांगते! एका तरुण शिक्षिकेच्या हवाली असलेला मुलगा समुद्रात बुडाला. त्याची आठवण तिची पाठ सोडीत नाही. मरणाचा क्रमही दोषाच्या तोलाने लाविलेला आहे. ज्याचा दोष थोडा तो आधी सुटतो. ज्याचा मोठा त्यास भय अधिक काळ भोगावे लागते. वाचक खुनी शोधावयास निघतो आणि नकळत या सर्वांचा न्याय करू लागतो.

चित्रपटाने समुद्राकाठची ओसाड हवेली आणि एकामागून एक होणारे मृत्यू, एवढे उचलले. लता मंगेशकर यांचे शीर्षकगीत अंगावर काटा आणते, यात शंका नाही. रफींचे आरंभीचे गाणे तर २००१ साली ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकन चित्रपटातही वाजले. भय दाटू लागले की मेहमूदचा विनोद किंवा हेलनचे नृत्य मध्ये येते खरे. पण तो हिंदी चित्रपटाचा रिवाजच आहे. कथेत फेरफार केला हाही अपराध नव्हे. खुद्द लेखिकेने १९४३ साली आपल्या नाटकात शेवट बदलला होता.

तक्रार निराळीच आहे. येथे मृत्यूंचे मूळ जुन्या गुन्हेगार साथीदारांच्या वैरात आणि सुडात आहे. चोरट्यांचा हिशेब चोरट्यांनी फेडला. प्रेक्षकास त्यात कोणाचा न्याय करावा लागत नाही. कायद्याने निर्दोष आणि तरीही दोषी, असे माणूसच तेथे नाही. ती नदीत बुडालेली मोलकरीण या कथेतून पार नाहीशी झाली आहे.