औषध, आहार आणि विवेक
लाइम रोग व औषधांना न जुमानणारे जंतू यांविषयी काही हिताच्या गोष्टी

व्यापारउदिमासाठी देशांतर करणे हा आपल्या समाजाचा जुना परिपाठ आहे. पूर्वी तो राजस्थान-गुजरातेतून दक्षिणेकडे होता. आता तो अटलांटिकच्या पलीकडे गेला आहे. न्यू यॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया या भागांत हिऱ्यांच्या, औषधांच्या व संगणकाच्या व्यवसायात आपली अनेक कुटुंबे स्थिरावली आहेत. न्यू जर्सीतील ब्लेअरस्टाऊनच्या वनराईत आचार्य सुशीलकुमारजींनी १९८३ मध्ये स्थापन केलेले सिद्धाचलम तीर्थ तर अनेकांनी पाहिले असेल. नेमका हाच प्रदेश ‘लाइम’ नावाच्या रोगाचा बालेकिल्ला आहे. तिकडच्या मुला-सुनांच्या फोनवरील बोलण्यात या रोगाचे नाव येते आणि त्यापाठोपाठ कोणत्या आहाराने, कोणत्या गोळ्यांनी तो बरा होईल याच्या सूचनांचा पाऊस पडतो. त्यांतील खरे किती आणि नुसता व्यापार किती, हे पारखून घेणे आवश्यक आहे.

नावामागील इतिहास

या नावाचा लिंबाशी काही संबंध नाही. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात लाइम व ओल्ड लाइम ही गावे आहेत. १९७५ च्या सुमारास तेथील अनेक मुलांचे सांधे सुजू लागले. डॉक्टरांनी त्यास बालसंधिवात म्हटले. परंतु एकाच परिसरात इतक्या मुलांना एकाच वेळी संधिवात व्हावा, हे तेथील मातांना पटेना. पॉली मरे या गृहिणीने घरोघरच्या आजाराच्या नोंदी ठेवून त्या आरोग्य खात्यापुढे मांडल्या. येल विद्यापीठाच्या डॉ. अ‍ॅलन स्टीअर यांनी त्यावरून तपास केला. पुढे १९८१ मध्ये मोंटाना राज्यातील प्रयोगशाळेत विली बर्गडॉर्फर यांना हरणांवर आढळणाऱ्या गोचिडीच्या शरीरात मळसूत्राच्या आकाराचा जंतू सापडला. त्यांच्याच नावावरून त्याला बोरेलिया बर्गडॉर्फेरी हे नाव मिळाले. एका गृहिणीच्या चोख नोंदवहीने विज्ञानाला दिशा दिली, ही गोष्ट हिशेबाची कदर करणाऱ्या समाजाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

रोग आणि त्याचा उपचार

या गोचिडीचे पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढे असते, त्यामुळे ते चावल्याचे सहसा कळत नाही. जंतू शरीरात शिरण्यास ते साधारणपणे चोवीस तासांहून अधिक काळ त्वचेला चिकटून राहावे लागते. त्यानंतर काही दिवसांनी बहुसंख्य रुग्णांच्या अंगावर हळूहळू पसरणारे लाल वर्तुळ उमटते. ताप, थकवा व अंगदुखी ही लक्षणे त्यासोबत येतात. दुर्लक्ष झाल्यास पुढे सांधे, चेहऱ्याच्या नसा व क्वचित हृदयही बाधित होते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजानुसार त्या देशात दरवर्षी सुमारे ४,७६,००० लोकांवर या रोगाचे उपचार होतात.

समाधानाची गोष्ट अशी की आरंभीच ओळखल्यास डॉक्सिसायक्लिनसारखे साधे व स्वस्त प्रतिजैविक दहा ते चौदा दिवस घेतल्याने बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. या टप्प्यावर कोणताही काढा, पथ्य वा पूरक गोळी या औषधाची जागा घेऊ शकत नाही. ‘आधी घरगुती उपाय करून पाहू’ असे म्हणत घालवलेला महिना पुढे फार महाग पडतो.

उपचारानंतरही रेंगाळणारा त्रास

खरा पेच पुढे आहे. उपचार घेतलेल्यांपैकी साधारणतः पाच ते दहा टक्के लोकांना नंतरही महिनोन्‌महिने थकवा, सांधेदुखी व विसराळूपणा जाणवतो. हा त्रास काल्पनिक नसतो, आणि ‘मनाचे खेळ’ म्हणून घरच्यांनी तो उडवून लावणे हा रुग्णावर अन्याय आहे. मात्र शरीरात जिवंत जंतू दडून राहिल्यामुळेच तो होतो, असे सिद्ध झालेले नाही.

जंतू उरले असतील तर अधिक प्रतिजैविके द्यावीत, हा विचार सहज सुचतो. त्याची कसोटीही लागली आहे. अमेरिकेतील २००१ च्या अभ्यासात रुग्णांना एक महिना शिरेतून आणि दोन महिने तोंडाने औषध देण्यात आले. नेदरलँड्समधील २०१६ च्या अभ्यासात २८० रुग्णांना बारा आठवडे जादा औषध देण्यात आले. दोन्ही ठिकाणी औषध घेणारे व औषधासारखी दिसणारी पोकळ गोळी घेणारे यांच्या प्रकृतीत लक्षणीय फरक पडला नाही. उलट, दीर्घकाळ शिरेतून औषधे घेतल्याने रक्तात नवा संसर्ग होऊन, किंवा आतड्यात घातक जंतू माजून रुग्ण अत्यवस्थ झाल्याच्या व दगावल्याच्याही नोंदी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१७ मध्ये प्रसिद्ध केल्या.

पूरक गोळ्यांचा बाजार

जेथे वैद्यकशास्त्र ‘धीर धरा’ म्हणते, तेथे बाजार ‘हे घ्या’ म्हणतो. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार आहारपूरके विकण्यापूर्वी त्यांचा गुण सिद्ध करून दाखवावा लागत नाही. आपल्याकडेही अशा उत्पादनांच्या वेष्टनावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना छापणे बंधनकारक आहे. ती बारीक अक्षरांत असल्याने वाचली जात नाही. दुकानदारीत मुरलेल्या माणसाने तरी मालाचे लेबल आधी वाचावे.

विक्रेते प्रयोगशाळेतील संशोधनाचा हवाला देतात, आणि तो सर्वस्वी खोटा नसतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांना लसणाचे तेल, दालचिनीचे तेल व काही वनस्पतींचे अर्क काचेच्या बशीतील बोरेलिया जंतूंना मारू शकतात असे आढळले. परंतु बशीत जंतू मारणे आणि माणसाच्या शरीरात, त्याला अपाय न करता मारणे, यांत मोठे अंतर आहे. ते अंतर मोठ्या मानवी चाचण्यांनीच कापता येते आणि तशा चाचण्यांत या अर्कांचा गुण अद्याप सिद्ध झालेला नाही. म्हणून लसूण वर्ज्य करणाऱ्या श्रावक-श्राविकांनी आपल्या नियमामुळे आपण एखाद्या रामबाण उपायाला मुकलो, अशी खंत करण्याचे कारण नाही.

काही वस्तू तर थेट घातक आहेत. ‘कोलॉइडल सिल्व्हर’ या नावाने विकले जाणारे चांदीचे पाणी दीर्घकाळ घेतल्यास त्वचा कायमची निळसर-राखाडी होऊ शकते. शिवाय ते काही प्रतिजैविकांचे शोषण रोखते. लाइमवरील उपाय म्हणून दिल्या जाणाऱ्या बिस्मथच्या इंजेक्शनाविरुद्ध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ मध्ये इशारा दिला, कारण त्यामुळे एक मृत्यू ओढवला होता.

आणखी एक तोटा हिशेबात धरला जात नाही. प्रत्येक थकव्याला ‘लाइम’ म्हटले की मूळ आजार झाकला जातो. लाइम समजून उपचार होत राहिल्याने कर्करोगाचे निदान लांबल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

मग आहाराने काय साधते?

आहार जंतू मारीत नाही. आजारातून उठणाऱ्या शरीराला तो बळ देतो. ही मर्यादा मान्य केली की आहाराचे महत्त्व कमी होत नाही, उलट ते नेमके कळते.

पहिली बाब बी-१२ जीवनसत्त्वाची. थकवा, हातापायांना मुंग्या, विसराळूपणा ही लक्षणे लाइमनंतरच्या त्रासात जशी दिसतात, तशीच बी-१२ च्या कमतरतेतही दिसतात. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारातून जवळजवळ मिळत नाही. दुधातून थोडे मिळते. परदेशातील आपल्या तरुण पिढीतील ज्यांनी दूधही सोडले आहे, त्यांना ते पूरक स्वरूपात घेणे भाग आहे. म्हणून महागड्या गोळ्यांची यादी हाती घेण्यापूर्वी बी-१२, हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व, थायरॉईड आणि रक्तातील साखर एवढ्या तपासण्या करून घ्याव्यात. पूरक जेथे खरोखर गरजेचे आहे, तेथे ते अवश्य घ्यावे. परदेशात हिरव्या ठिपक्याची खूण नसते. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे म्हणजे प्राणिजन्य असू शकते, तेव्हा शाकाहारी आवरणाची कॅप्सूल मागून घ्यावी.

दुसरी बाब औषध व अन्न यांच्या वेळेची. डॉक्सिसायक्लिन हे कॅल्शियम, लोह, जस्त, मॅग्नेशियम व आम्लपित्ताच्या गोळ्यांशी बांधले जाते आणि रक्तात कमी उतरते. म्हणजे ‘ताकद यावी’ म्हणून सोबत घेतलेली लोहाची गोळी औषधाचीच ताकद हिरावून घेते. दोहोंत किमान दोन-तीन तासांचे अंतर असावे. मूत्रमार्गाच्या संसर्गावर दिल्या जाणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिनचेही तसेच. ‘औषध उष्ण पडते’ म्हणून ते दूध-ताकाबरोबर घेण्याची आपल्या घरांतील सवय त्याचा प्रभाव लक्षणीयरीत्या घटवते.

तिसरी बाब व्रतनियमांची. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर घ्यावे लागते व त्यानंतर निदान अर्धा तास आडवे होऊ नये, अन्यथा अन्ननलिकेला जखम होऊ शकते. चौविहार पाळणाऱ्यांनी दुसरी मात्रा सूर्यास्तापूर्वी कशी बसवावी हे डॉक्टरांना आधीच विचारावे. बहुधा मार्ग निघतो. न विचारता मात्रा गाळणे मात्र अयोग्य. रुग्णावस्थेत तपाची सवलत घेण्याविषयी गुरुमहाराजांचे मार्गदर्शन घ्यावे.

औषधांना न जुमानणारे जंतू

भारतात लाइम विरळा आढळतो. पण औषधांना दाद न देणारे जंतू घराच्या उंबरठ्याशी आले आहेत. पेनिसिलिनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच, नोबेल स्वीकारताना, अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतील असा इशारा दिला होता. ‘लॅन्सेट’ नियतकालिकातील अंदाजानुसार २०१९ या एका वर्षी जगात १२.७ लाख मृत्यू थेट अशा जंतूंमुळे झाले. आपल्याकडे २०१६ पासून प्रतिजैविकांच्या पट्टीवरील लाल रेघेचा अर्थ लोकांना सांगितला जात आहे: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नये. तरीही सर्दीखोकल्यासाठी ओळखीच्या औषधवाल्याकडून दोन दिवसांच्या गोळ्या आणण्याची प्रथा थांबलेली नाही. सर्दी विषाणूजन्य असते. तिच्यावर ही औषधे चालतच नाहीत.

या प्रश्नाचा सर्वांत सामान्य अनुभव म्हणजे स्त्रियांना वारंवार होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग. दर वेळी जुनीच गोळी घेतली की जंतू अधिक चिवट होतो. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी लघवीची कल्चर तपासणी करावी; कोणते औषध लागू पडेल हे तीच सांगते. येथे आहाराचा काही सिद्ध उपयोगही आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कमी पाणी पिणाऱ्या व वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर जादा पाणी देण्यात आले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा, तर इतरांना ३.२ वेळा संसर्ग झाला. क्रॅनबेरीच्या सेवनाने काही स्त्रियांत पुनरावृत्ती कमी होते, असे २०२३ च्या व्यापक आढाव्यात दिसले. याउलट, बरीच जाहिरात झालेल्या ‘डी-मॅनोज’ या पूरकाचा २०२४ च्या ब्रिटनमधील चाचणीत उपयोग आढळला नाही. सूर्यास्तानंतर पाणी न घेणाऱ्या भगिनींनी दिवसाच्या ठरावीक वेळा नेमून उकळलेले पाणी पुरेसे प्यावे. दुकानाच्या गल्ल्यावर दिवसभर बसणाऱ्यांनी लघवी रोखून धरू नये. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवावी, कारण वाढलेली साखर संसर्गाला आमंत्रण देते.

जयणा हाच पहिला बचाव

अमेरिकेतील आप्तांना एवढे अवश्य कळवावे. झाडीतून चालताना वाटेच्या मधून चालावे, फिकट रंगाचे अंगभर कपडे घालावेत, विजार मोज्यांत खोचावी. घरी परतल्यावर काखा, गुडघ्यांच्या मागचा भाग, केसांची मुळे तपासावीत. गोचीड आढळल्यास बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. तेल, काडेपेटी यांचा प्रयोग करू नये आणि तिला बोटांनी चिरडू नये. आपला अहिंसेचा संस्कार आणि वैद्यकाचा सल्ला येथे एकच आहे. चावल्यापासून बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांस भेटल्यास प्रतिबंधक म्हणून औषधाची एकच मात्राही काही वेळा पुरते.

आपल्या सिंधुदुर्गातही २०१६ पासून गोचिडीमुळे पसरणारा माकडताप आढळला आहे. तो विषाणूजन्य असल्याने प्रतिजैविकांना दाद देत नाही. म्हणून कोकणातील रानावनात जाणाऱ्यांनीही हीच दक्षता बाळगावी.

घरात दीर्घ आजारी माणूस असेल तर त्याच्या औषधांची, पूरकांची, त्यांच्या वेळांची व खर्चाची एक वही ठेवावी आणि प्रत्येक भेटीत ती डॉक्टरांपुढे उघडावी. ज्या गोळीने तीन महिन्यांत काही गुण दिला नाही ती का चालू आहे, हा प्रश्न निःसंकोच विचारावा. रोग्याच्या दुःखावर विश्वास ठेवावा, विक्रेत्याच्या आश्वासनावर नव्हे. तोट्यातील माल भावनेपोटी वर्षानुवर्षे गोदामात न ठेवणारा आपला समाज आरोग्याच्या बाबतीतही तेवढाच सावध राहिला, तर पैसा वाचेल आणि त्याहून मोलाचा वेळही वाचेल.